साठा म्हणण्याआधी बोअर घ्या

शेजारच्या शेतात अडीच इंच पाणी लागलं की आठवड्याभरात आपल्या बांधाशीही बोअरची गाडी येऊन उभी राहते. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरतो, नारळ उभा राहील तिथे दगड ठेवला जातो आणि दागिना मोडून आणलेल्या पैशांवर काम सुरू होतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांमध्ये आणि मधल्या सच्छिद्र थरांमध्ये. शेजाऱ्याची भेग आपल्याकडे वळलीय की उलट दिशेला, हे वरून दिसत नाही. माझ्या आजोळी अशा दोन बोअर कोरड्या गेल्या. पाचशे फुटांपर्यंत पांढरा फुफाटा उडत राहिला, अंगणातली तुळस त्या धुळीने पांढरी झाली आणि संध्याकाळी कोणीच कोणाशी बोललं नाही. मी तेव्हा नववीत होतो. पुढे भूशास्त्राकडे वळलो त्यात त्या दिवसाचा वाटा आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे शेल वायू आणि शेल तेल, म्हणजे शेल नावाच्या गाळाच्या खडकातच अडकून राहिलेला वायू आणि तेल. गेली दहा-पंधरा वर्षं आपल्याकडे या विषयावर जी चर्चा चालते, तिचा पाया शेजाऱ्याच्या बोअरचा आहे. टेक्सासमध्ये लागलं, पेनसिल्व्हेनियात लागलं, आपल्याकडेही तशाच जातीचा खडक आहे, म्हणून आपल्याकडेही लागेल. मग किती लागेल याचे आकडे येतात, आणि ते आकडे धोरणात, बातम्यांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मुक्कामाला राहतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या खडकात पुरेशा विहिरी खणून, त्या फोडून (म्हणजे दाबाने पाणी घुसवून आतला खडक तडकवून), महिनोन्‌महिने वाहत्या ठेवून पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल सरकारने ‘साठा’ हा शब्द वापरू नये. आणि ज्या विहिरी खणल्या त्यांचे निकाल, विशेषतः कोरडे गेलेल्यांचे, लोकांसमोर ठेवावेत.

आकडे एकाखाली एक मांडून पाहा. यूएसजीएस या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने आपल्या तीन खोऱ्यांपुरता (खोरं म्हणजे इथे गाळाचे थर साचलेला जमिनीखालचा खोलगट भाग), काढता येण्याजोग्या शेल वायूचा सरासरी अंदाज दिला तो ६.१ लाख कोटी घनफुटांचा. या एककाला तेलधंद्यात टीसीएफ म्हणतात, तेच पुढे वापरतो. त्याच अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने, म्हणजे ईआयएने, २०११ मध्ये भारतासाठी ६३ टीसीएफ सांगितले आणि २०१३ मध्ये ९६. ओएनजीसी या आपल्या सरकारी तेल कंपनीने पाच खोऱ्यांसाठी १८७.५ सांगितले. रांचीच्या सीएमपीडीआय या कोल इंडियाच्या नियोजन संस्थेने कोळशाच्या सहा उपखोऱ्यांसाठी ४५. श्लंबर्जे या सेवा कंपनीचा प्राथमिक अंदाज होता ३०० ते २१००. संसदेत शेल वायूवर प्रश्न आला की उत्तरात हे सगळे आकडे शेजारी शेजारी बसवले जातात.

देशाला वर्षाला साधारण ६५ अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू लागतो, म्हणजे सुमारे २.३ टीसीएफ. त्या हिशेबाने पहिला आकडा तीन वर्षंही पुरत नाही आणि शेवटचा नऊशे वर्षं पुरतो. अर्थात ही तुलनाच चुकीची आहे, आणि ती चुकीची का हे समजून घ्यायला हवं. यातले काही आकडे खडकात एकूण किती वायू अडकलाय याचे आहेत, काही त्यातला आजच्या तंत्राने किती बाहेर काढता येईल याचे. ईआयएच्या २०१३ च्या अहवालात दोन्ही दिले होते: खडकात ५८४ टीसीएफ, काढता येण्याजोगे ९६. तेलाचं तर आणखी विषम, खडकात ८७ अब्ज पिंपं आणि काढता येण्याजोगी ३.८ अब्ज. आणि काढता येणं म्हणजे परवडणं नव्हे. परवडेल, विहिरीने दाखवून दिलंय आणि विकायची सोय आहे, एवढं सगळं जमल्यावर जे उरतं त्यालाच या धंद्यात साठा म्हणतात. आपल्या बातम्यांत मात्र ५८४ हाही साठा, ९६ हाही साठा आणि २१०० हाही साठाच. धान्याच्या बाबतीत आपण अशी गल्लत करत नाही. शेतात उभं असलेलं पीक, खळ्यावर आलेलं धान्य आणि कणगीत भरलेलं धान्य यांतला फरक कुणब्याच्या घरातलं पोरही सांगेल.

शेल म्हणजे चिखलाच्या बारीक कणांचा, पापुद्र्यांसारखा फुटणारा गाळाचा खडक. साध्या तेलक्षेत्रात, उदाहरणार्थ १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायमध्ये, तेल जिथे तयार झालं तिथून निघून सच्छिद्र चुनखडीत येऊन साठलेलं असतं. शेलमध्ये ते तयार झालं तिथेच अडकून राहतं. मग पाहायचं काय? त्या चिखलात सेंद्रिय द्रव्य किती उरलंय, निदान दोन टक्के तरी हवं. ते किती भाजलं गेलंय. हे तव्यावरच्या भाकरीसारखं आहे: कच्ची राहिली तर तेलही नाही आणि वायूही नाही, बेताची भाजली तर तेल, आणखी भाजली तर वायू, आणि करपली तर काही नाही. हा भाजकेपणा मोजायला दगडातल्या लाकडाच्या कणांवरून सूक्ष्मदर्शकाखाली किती उजेड परत येतो ते पाहतात. ०.६ टक्क्याच्या पुढे तेल सुरू होतं, १.३ च्या आसपास वायूची हद्द लागते. चिमूटभर भुकटी भट्टीत तापवून किती हायड्रोकार्बन निघतात हेही पाहतात. थर किती जाड, किती खोल, आतला दाब किती, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खडक ठिसूळ आहे की चिवट. गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण जास्त असतील तर दाबाने पाणी घुसवल्यावर तो तडकतो आणि तडे उघडे राहतात. चिकणमाती जास्त असेल तर तडे पुन्हा मिटतात. जुनेजाणते भूशास्त्रज्ञ शेलचा तुकडा दातांखाली धरतात. कचकच लागली तर त्यात वाळूचा बारीक अंश आहे, लोण्यासारखा लागला तर नुसती चिकणमाती. मीही असंख्य वेळा असा दगड चावलाय.

आता आकडा जन्माला कसा येतो ते सांगतो, कारण मी ते हाताने केलंय. उमेदीची काही वर्षं मी विदर्भातल्या एका पट्ट्यात कोळशातल्या मिथेनच्या शोधकामावर होतो. शेलसाठीही हीच पद्धत वापरतात. शेकडो मीटर खोलीवरून खडकाचा दंडगोल, ज्याला सगळे कोअरच म्हणतात, वर ओढला जातो. वर येताच तो पुसून, झटपट लांबी मोजून, हवाबंद डब्यात कोंबायचा. डबा गरम पाण्याच्या टाकीत ठेवायचा, पाण्याचं तापमान खाली जमिनीत असेल तेवढं. डब्याच्या नळीतून सुटणारा वायू पाण्यात उलट्या धरलेल्या काचेच्या नळकांड्यात बुडबुड्यांनी गोळा होतो. पहिला तास दर काही मिनिटांनी नोंद, मग तासाला, मग दिवसाला, असं काही आठवडे. शेवटी दगड भरडून उरलासुरला वायू मोजायचा. इथपर्यंत सगळं डोळ्यांसमोर घडतं. पण कोअर खालून वर येईपर्यंत वाटेत जो वायू सुटून गेला, तो कोणी पाहिलेला नसतो. तो आलेखावरची रेघ मागे ओढून अंदाजाने मिळवतात. त्याला गळालेला वायू म्हणतात.

एका रात्री तार ओढणारा विंच अडकला. कोअर वर यायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. डब्यात मोजलेला वायू थोडा आणि अंदाजाने मिळवलेला जास्त, असा तो नमुना झाला. मी वहीत पेन्सिलने लिहिलं: उशीर झाला, आकड्यावर भरवसा ठेवू नये. पुढे छापील अहवालात तो आकडा दिसला, टीप दिसली नाही. त्या अहवालाचा आधार घेऊन दुसरा अहवाल झाला. कोणी खोटेपणा केला असं मला आजही वाटत नाही. तक्त्यात आकड्यासाठी रकाना होता, शंकेसाठी नव्हता. पण तेव्हापासून एवढ्या टनाला एवढा वायू असं कुठेही वाचलं की माझी नजर आधी तळटीप शोधते.

आणि हे तर खरोखर मोजलेल्या नमुन्याबद्दल झालं. देशभराचे जे मोठे आकडे आहेत त्यांत मोजमापाचा भाग याहून कितीतरी कमी आहे. ईआयएसाठी झालेल्या अभ्यासाची रीत उघड आहे, त्यांनी ती लपवलेली नाही. खोऱ्याचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्यातलं योग्य वाटणारं वेगळं काढायचं, दर चौरस मैलाला किती वायू असेल ते काढायचं, मग दोन यशगुणकांनी गुणायचं आणि शेवटी किती टक्के निघेल या गुणकाने. हे यशगुणक म्हणजे अभ्यासकाने अनुभवाने ठरवलेले अपूर्णांक. यूएसजीएसची रीत वेगळी आहे, पण विहिरी नसलेल्या देशात एक विहीर आयुष्यभरात किती देईल हे तिलाही अमेरिकेतल्या चालत्या विहिरींवरूनच उसनं घ्यावं लागतं. दोन्ही ठिकाणी माणसं जाणकार आणि प्रामाणिक आहेत. त्यांच्या हाती आपल्या खडकातली वाहती विहीर नव्हती, एवढाच मुद्दा आहे. म्हणून एकाचे ६.१ येतात आणि दुसऱ्याचे ९६.

पोलंडने याची मोठी किंमत मोजली. रशियन वायूवर अवलंबून असलेल्या त्या देशाला २०११ मध्ये ईआयएने सांगितलं की तुमच्याकडे काढता येण्याजोगा १८७ टीसीएफ शेल वायू आहे. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी २०१४ पासून व्यावसायिक उत्पादन सुरू होईल असं जाहीर केलं. शंभरावर परवाने गेले, एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन, कोनोकोफिलिप्स, मॅरेथॉन असे सगळे मोठे आले. मार्च २०१२ मध्ये पोलंडच्याच भूशास्त्रीय संस्थेने जुन्या विहिरींचे कोअर पुन्हा तपासून बहुधा ३४६ ते ७६८ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे १२ ते २७ टीसीएफ निघेल असं सांगितलं. त्याच वर्षी यूएसजीएसचा सरासरी अंदाज आला दीड टीसीएफच्याही आत. एक्सॉनमोबिलने २०१२ मध्येच गाशा गुंडाळला. २०१५ मध्ये शेव्हरॉन आणि कोनोकोफिलिप्स निघून गेले. तोवर सत्तरेक विहिरी झाल्या होत्या आणि एकीतूनही परवडेल असा वायू आला नव्हता. त्या खडकात चिकणमाती जास्त निघाली, सेंद्रिय द्रव्य अपेक्षेपेक्षा कमी. तेलाचे भाव पडले, परवान्यांचा घोळ होता, करांबाबत अनिश्चितता होती, हेही खरं. पण विहिरी वाहिल्या असत्या तर यांतून वाट निघाली असती.

खुद्द अमेरिकेत, जिथे विहिरींचं जाळं आहे, तिथेही हे घडलं. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे शेलमध्ये १५.४ अब्ज पिंपं तेल काढता येईल असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये तिथल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासाने त्यावर २८ लाख नोकऱ्यांचा हिशेब मांडला. मे २०१४ मध्ये ईआयएने तो अंदाज ०.६ अब्ज पिंपांवर आणला, एका झटक्यात ९६ टक्के घट. तिथला खडक भूकवचाच्या ढकलाढकलीत इतका दुमडला आणि तुटला आहे की टेक्सासचं सरळ पसरलेल्या थरांचं गणित त्याला लागूच पडत नव्हतं.

मी फक्त फुगलेल्या आकड्यांची उदाहरणं देतोय असं कोणी म्हणू नये. पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांतल्या मार्सेलस शेलबद्दल यूएसजीएसने २००२ मध्ये सांगितलं होतं सुमारे दोन टीसीएफ. २०११ मध्ये त्याच संस्थेने सांगितलं ८४. खडक तोच होता. मधल्या काळात हजारो विहिरी झाल्या होत्या. म्हणून मी भारतात शेल वायू नाही असं म्हणत नाही. तो कदाचित ९६ पेक्षाही जास्त असेल. पण ते कळायचा रस्ता एकच आहे आणि त्या रस्त्यावर आपण फार थोडं चाललोय. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने पहिली विहीर १९८१ मध्ये घेतली आणि परवडेल असं पाणीफोडीचं तंत्र हाती लागलं १९९० च्या दशकाच्या शेवटी. सोळा-सतरा वर्षं एकाच खडकाशी झटल्यावर. चीनने २०२० साठी ६० ते १०० अब्ज घनमीटर उत्पादनाचं उद्दिष्ट ठेवलं होतं, ते ३० वर आणावं लागलं आणि प्रत्यक्षात सुमारे २० झालं. पण जे झालं ते सिचुआन खोऱ्यात ठाण मांडून, एकाच जातीच्या शेलमध्ये शेकडो विहिरी घेऊन झालं.

आपलं काय झालं? २५ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला ओएनजीसीच्या विहिरीत शेलमधून वायू आला. दामोदर खोऱ्यातला, कोळशाच्या दोन थरसमूहांच्या मधला, बॅरन मेझर्स या नावाने ओळखला जाणारा तो खडक. वायू आला ही आनंदाचीच गोष्ट होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये धोरण आलं, ओएनजीसीला पन्नास क्षेत्रं दिली गेली, गुजरातेत जंबुसरजवळ काम सुरू झालं. पुढे वीसहून अधिक विहिरी झाल्या. त्यांतल्या अनेक दुहेरी उद्देशाच्या होत्या, म्हणजे नेहमीचं तेल शोधता शोधता वाटेत शेलचेही नमुने घ्यायचे. त्याने प्रयोगशाळेचे आकडे मिळतात. शेलमध्ये आडवी शिरून, टप्प्याटप्प्याने फोडून, महिनोन्‌महिने वाहत ठेवलेली विहीर जे सांगते ते त्याने कळत नाही. शेलची विहीर पहिल्याच वर्षी साठ-सत्तर टक्क्यांनी खाली येते, त्यामुळे पहिल्या आठवड्याचा प्रवाह पाहून काही ठरवणं म्हणजे पहिल्या सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधण्यासारखं आहे. शेलमधून व्यावसायिक म्हणावं असं उत्पादन आपल्याकडे आजही नाही.

खडकांचेही स्वभाव वेगळे आहेत. बार्नेट आणि मार्सेलसचा चिखल समुद्रात साचला, बॅरन मेझर्सचा मुख्यतः गोड्या पाण्याच्या खोऱ्यांत. दामोदरच्या खोऱ्यात नंतर उसळलेल्या लाव्ह्याच्या भिंती थर कापत गेल्यात, त्यांच्या शेजारी सेंद्रिय द्रव्य करपून गेलंय. गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्यातलं शेल तर आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्याच वर साचलंय, वयाने खूपच तरुण. अंकलेश्वरच्या तेलाचा उगम तेच मानलं जातं, म्हणजे भाकरी भाजली गेलीय यात शंका नाही. पण त्यात चिकणमाती भरपूर आहे, आणि पोलंडमध्ये अडलं ते याच ठिकाणी.

महाराष्ट्रात आपण याचा एक धडा आधीच शिकलोय. दख्खनच्या लाव्ह्याखाली गाळाचे जाड थर दडलेले असतील आणि त्यांत तेल-वायू असेल अशी कल्पना जुनी आहे. पण जिथे प्रत्यक्ष खोल खणलं गेलं तिथलं चित्र काय निघालं? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या ६१७ मीटरच्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम काही मीटर गाळ आणि लगेच कठीण पायाचा खडक. कोयनेच्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये १२४७ मीटर बेसाल्ट आणि थेट ग्रॅनाइट. तापी-नर्मदेकडे चित्र वेगळं असू शकतं. तेही बोअरच सांगेल.

मोठा आकडा नसेल तर गुंतवणूकदार फिरकणार नाहीत, असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. देश लागणाऱ्या कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग बाहेरून आणतो, अशा वेळी शंका काढत बसणं परवडेल का, असंही. पहिल्याला उत्तर पोलंडने दिलंय: आकड्याने आलेले आकडा उतरल्यावर जातात, आणि पुढच्या वेळी बोलावलं तर येत नाहीत. दुसऱ्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण गरज खरी आहे. पण ज्याला नड आहे त्याने तर कोरडी बोअर आणखीच टाळली पाहिजे.

पाण्याचा प्रश्नही याच आकड्यात गुंतलाय. एका आडव्या विहिरीच्या फोडणीला एक-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं. कावेरी खोऱ्यात शेतकरी रस्त्यावर आले ते याच धास्तीने, आणि त्यांची भीती मला रास्त वाटते. पण तिथेही दोन्ही बाजू एकाच न तपासलेल्या आकड्यावर भांडतात. एक म्हणतो एवढी संपत्ती जमिनीत का ठेवायची, दुसरा म्हणतो एवढ्या हजार विहिरी आमच्या शेतांत येणार. किती विहिरी, कुठे आणि किती पाणी, हे दोघांनाही कळायचं तर आधी मोजक्या चाचणी विहिरींचे निकाल समोर हवेत.

ते निकाल आहेत, निदान काहींचे. नोएडात राष्ट्रीय डेटा भांडार आहे, तिथे देशभरच्या सर्वेक्षणांची आणि विहिरींची माहिती ठेवली जाते. पेनसिल्व्हेनियात मात्र कोणीही घरबसल्या संगणकावर पाहू शकतो की अमुक विहिरीने अमुक महिन्यात किती वायू दिला. आपल्याकडची शेलची जवळपास प्रत्येक विहीर जनतेच्या पैशाने सार्वजनिक कंपनीने खणलीय. तिचं सेंद्रिय द्रव्य, भाजकेपणा, चिकणमातीचं प्रमाण, फोडणीनंतरचा रोजचा प्रवाह, हे सगळं कोणत्याही महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या मुलाला फुकट मिळालं पाहिजे. नागपूर, पुणे, मुंबईत ही मुलं आहेत. आपल्या खडकाचे यशगुणक आपण ठरवायचे तर त्यासाठी लागणारी माणसं इथेच तयार होतील. आणि पन्नास क्षेत्रांत एकेक विहीर शिंपडण्यापेक्षा खंबातच्या खोऱ्यात एकाच ठिकाणी दहा-पंधरा आडव्या विहिरी घेऊन दोन वर्षं वाहत्या ठेवल्या, तर ६.१ खरं की ९६ हे निदान त्या खोऱ्यापुरतं तरी कळेल.

संसदेच्या पुढच्या अधिवेशनात शेल वायूवर प्रश्न येईल तेव्हा तो किती साठा आहे असा विचारला जाऊ नये, एवढी आपल्या खासदारांना विनंती आहे. विचारा की आजवर शेलसाठी किती विहिरी झाल्या, त्यांतल्या किती आडव्या होत्या, किती फोडल्या, प्रत्येक किती दिवस वाहिली आणि तीनशे पासष्टाव्या दिवशी किती देत होती.